घोड्याचा मागचा पाय

बाळकृष्णरावांनी चिमूटभर विभूती घेतली आणि खंडोबाच्या टाकाची कड घासायला सुरुवात केली. तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा. घोड्यावर देव, मागे म्हाळसा, खाली कुत्रा. घोड्याचा मागचा पाय गुडघ्यापाशी चेपलेला होता. तिथे आल्यावर त्यांचा अंगठा आपोआप हलका झाला.

"किती घासणार?" हेमलता स्वयंपाकघरातून म्हणाली. "जेजुरीस पोचेतोंवर देव उरायला हवे की."

ती पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा भरत होती. उद्या सकाळी मद्रास सेंट्रलहून दादरची गाडी. बाळकृष्णरावांनी रेल्वेत वेळापत्रकं करण्यात हयात घालवली, याच एप्रिलात ते निवृत्त झाले. कोणती गाडी दौंडला किती वाजता लागते हे ते झोपेतही सांगत, पण आंध्रातल्या गुंटकलच्या पुढे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. माम्बळमच्या शेजाऱ्यांना याची भारी गंमत वाटे. कारण विचारलं की ते हसून वेळ मारून नेत.

कारण टाकात होतं. सत्तर साली तंजावरला वडिलांनी, अप्पांनी, घरातले देव वाटले. एक टाक थोरल्या व्यंकटरावांना, एक यांना. एक जुना, तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी जेजुरीहून आणलेला. दुसरा सोनाराकडून तसाच घडवून घेतलेला. कुठला कोणता, ते अप्पांनी चारचौघांत सांगितलं नाही. मात्र बाळकृष्णरावांना बसवर सोडायला आले तेव्हा त्यांनी हळूच कानात सांगितलं.

"अस्सल तुजकडे आहे. पाय बघ. कोळ्ळिडम नदी उतरतांना पेटी दगडावर पडली, तेव्हांचा मार तो. व्यंकटास सांगूं नकोस, मन मोडेल त्याचें. आणि अस्सल देव ज्याकडे, त्यानें हा मुलूख सोडूं नये. साठी झाल्यावर एकदां जेजुरीस नेऊन देवास भेटव, बस्."

पुढे दोनच वर्षांनी मुंबईला बढती आली. बाळकृष्णरावांनी ती नाकारली. हेमलता चार दिवस बोलली नाही, आणि त्यांनीही तिला कारण सांगितलं नाही. त्या नोकरीची हळहळ त्यांना पुष्कळ वर्षं वाटली. पण चंपाषष्ठीला भावाकडे जेवायला गेलं की ती विरून जाई. हळदीत बुडालेल्या त्या नकली देवासमोर व्यंकटअण्णा किती भक्तीने बसत! दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नसतो, म्हणून बाळकृष्णराव लांबूनच नमस्कार करत. अण्णांना शंका येऊ नये म्हणून जरा जास्तच वेळ वाकून करत. बिचारे अण्णा, असं मनात येई. त्या 'बिचारे'त माया होती, पण थोडी ऐटही होती.

दारावरची घंटा वाजली. अन्नपूर्णाबाई आल्या होत्या, व्यंकटरावांच्या पत्नी. नंगनल्लूरहून उन्हात बसने आल्यामुळे त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाळकृष्णरावांनी आपल्या टाकावर पटकन रुमाल ओढला. सवयच होती ती.

पाणी पिऊन झाल्यावर वहिनींनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली.

"भावोजी, यांचें वर्षश्राद्ध झालें. आतां सांगायला हरकत नाहीं," त्या म्हणाल्या. "अस्सल देव आमच्याकडे होता. अप्पांनीं यांस एकट्यास सांगितलें होतें. बाळकृष्ण जेजुरीस निघेल तेव्हां हा त्यास दे म्हणून सांगून गेले हे. बिचारा, नकली देव भेटवून यायचा म्हणून."

बाळकृष्णरावांनी गाठ सोडली. हळदीने पिवळा पडलेला टाक. त्यांनी घोड्याच्या मागच्या पायावरून अंगठा फिरवला. तीच जागा, तेवढीच खोली.

"भोपाळास केवढी नोकरी मिळत होती यांस," वहिनी सांगत होत्या. "गेले नाहींत. अस्सल देव ज्याकडे, त्यानें मुलूख सोडूं नये म्हणून अप्पांचा शब्द होता म्हणे. तुम्हांस राग तर नाहीं ना आला?"

"नाहीं वहिनी."

"सरि. मग माझें काम झालें." असं म्हणून त्या हेमलतेला डबे भरू लागायला आत गेल्या.

राग आला होता. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या बापाचा इतका राग येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. रुमालाखालचा आपला टाक काढून त्यांनी दुसऱ्याशेजारी ठेवला. कोळ्ळिडम नाही, दगड नाही. अप्पांनी घरात बसून हातोडीने दोन देवांचे पाय चेपले होते आणि दोन मुलांना मुलूख सोडू दिला नव्हता. आपण फसलो, आणि फसून वर पस्तीस वर्षं भावाची कीव करत राहिलो, याची त्यांना लाज वाटली. सांगून मोकळं व्हायला अण्णाही उरले नव्हते.

मग त्यांना तुळसा आठवली.

धाकटी बहीण. तंजावरलाच शाळेत शिकवत राहिली, अप्पांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. तिला पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली. दोघे भाऊ समजवायला गेले. ती "मी इथून जाणार नाहीं" एवढंच म्हणाली. हट्टी आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पुन्हा स्थळं आली नाहीत.

ते मोबाइल घेऊन बाल्कनीत गेले. त्यांनी तंजावरला फोन लावला.

"तुळसा, तुजकडे अप्पांनीं दिलेला टाक आहे कां?"

"मुलीस कोण टाक देतो, बाळण्णा?" ती हसून म्हणाली.

"घोड्याचा मागचा पाय चेपलेला आहे कां?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"तुला कोणीं सांगितलें?" तिचा आवाज अगदी खाली आला होता. "तुम्हां दोघांचें मन मोडेल म्हणून अप्पांनीं शपथ घातली होती मला. इतकीं वर्षें कुणास कळूं दिलें नाहीं मी. वाईट नको वाटून घेऊं. तुजकडचाही देवच की."

बाळकृष्णरावांनी कठडा धरला. खाली रस्त्यावर फुलवाली तिसऱ्या मजल्यावरच्या बाईशी भाव करत होती. सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

"बाळण्णा? आहेस ना?"

"आहें," ते म्हणाले. "कोणीं सांगितलें नाहीं. मला अंदाज होता. अस्सल तुजकडेच आहे, तुळसा." आणि मग, "वहिनीस मात्र सांगूं नकोस. मन मोडेल त्यांचें."