सातवी पायरी

१९८४ साली लखनऊत आमच्या मराठी मंडळींपैकी मोजक्याच घरांत फोन होता. म्हणून मी निरोपाची सोय केली. एका घराने दोन घरांना सांगायचं, त्यांनी पुढच्या दोन-दोन घरांना. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर घराघरांचं हे फांद्या फुटत जाणारं झाड मांडलं आणि ते किती पायऱ्या खोल जातं, ते काढणारा प्रोग्राम लिहिला. उत्तर आलं, चार. पायरीला अर्धा तास, म्हणजे दोन तासांत सगळीकडे निरोप. मी दीडशहाण्याने 'पायऱ्या : चार' असं मोठ्या अक्षरांत लिहून झाड भिंतीवर लावलं.

आईने त्यावर बोट फिरवलं. "नरेंद्र, आपली माया कुठंय यात?"

माया माझी धाकटी बहीण. जातीबाहेर, इथल्याच जगदीशशी लग्न केलं म्हणून तीन वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. शहरातच अलीगंजला राहायची. तिला मी उजव्या फांदीच्या पार टोकाला टाकलं होतं.

"आहे. अगदी खाली."

"तिथवर पोचेल ना रे? मी गेले तर तिला माझं तोंड बघू दे. एवढंच मागणं."

"आई, मशीन चुकत नाही."

फेब्रुवारीत सकाळी आठला आई गेली. मी दोन घरांना निरोप दिला, आणि अर्धा तास जादा धरून साडेदहाला न्यायचं ठरवलं.

शेजारचे भास्करकाका म्हणाले, "मायाला घेऊन ये ना. स्कूटर आहे."

"निरोप पोचेल," मी म्हणालो. खरं सांगतो, तिच्या दारात उभं राहायची लाज वाटत होती.

साडेदहा झाले. माया नव्हती. कळूनही आली नाही, असं वाटून मला उलट रागच आला. आईला नेलं.

परतलो तर माया ओसरीत बसलेली, अनवाणी. तिला निरोप साडेअकराला मिळाला होता. ती उठली, भिंतीवरच्या झाडावर वरून खाली एकेक पायरी मोजत गेली.

"सात," ती म्हणाली.

मशीन चुकलं नव्हतं. दोन्ही फांद्यांना विचारून जी जास्त खोल ती धरायची असते. प्रोग्राम लिहिताना मी फक्त डावीला विचारलं होतं. उजवीकडे पाहिलंच नाही.

"दादा," माया रडत म्हणाली, "मला सांगायला एवढी घरं कशाला रे? तू स्कूटरवर अर्ध्या तासात आला असतास."