तुलनेचा गुडघा

रखमाजीने धोतर मांडीपर्यंत वर सारलं आणि टेबलावर पाय पसरून तो आडवा झाला. टेबल गार होतं. कंपाउंडरने त्याच्या उजव्या गुडघ्याखाली एक चपटी काळी पेटी सरकवली, वरून यंत्राचं तोंड नेमकं गुडघ्यावर आणलं आणि बजावलं, "हलायचं नाही. श्वाससुद्धा घेऊ नकोस."

"मेलो तर चालंल का?"

कंपाउंडरला हा प्रश्न रोजचा असावा. तो पडद्याआड गेला.

वास्तविक या टेबलाशी रखमाजीचा काही संबंध नव्हता. फोटो काढायचा होता रावसाहेबांचा. रघुवीरराव वेल्ह्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. रावसाहेब ही पदवी त्यांना सरकारने दिली नव्हती, संस्थानानेही नाही. निवृत्तीनंतर ती त्यांनी आपली आपणच वापरायला काढली होती, आणि ते डोलीतून हिंडत असल्यामुळे कुणी हरकतही घेतली नव्हती. दोन वर्षं त्यांचे गुडघे दुखत होते. ते खरंच दुखतात यावर घरात एकट्या त्यांचाच विश्वास होता. सून मालिनी म्हणे, "मामंजी, जेवण झाल्यावर मारुतीपर्यंत चालून येत जा, बरं वाटेल." हे वाक्य त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखे. म्हणून पुण्याला येऊन हाडांचा विजेचा फोटो.

त्यांचा फोटो झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "दुसरा गुडघा चांगला असता तर त्याच्याशी ताडून पाहता आलं असतं."

"दुसराही गेलाय," रावसाहेब म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता.

"मग तुमच्याच वयाच्या एखाद्या माणसाचा चांगला गुडघा मिळाला तर बरं."

रावसाहेबांनी दाराशी उकिडव्या बसलेल्या रखमाजीकडे बोट केलं. "याचा घ्या. आठ कोस डोली वाहून याने मला नसरापूरच्या मोटारीला आणून घातलंय. याच्यासारखा गुडघा तुमच्या पुण्यात सापडायचा नाही."

रखमाजी तेव्हा भिंतीला हात लावून उठला होता. ते कुणी पाहिलं नाही.

आता टेबलावर त्याने श्वास रोखून धरला. सांगितलं म्हणून नव्हे. वर्षभर त्याची बायको धोंडाबाई दार लोटून त्याच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधत होती आणि पाला पाठीमागच्या ओढ्यात टाकत होती, कारण वस्तीवर कुणाला कळता कामा नये. कळलं असतं तर डोली पलीकडच्या वाडीतल्या सोनबाकडे गेली असती. सोनबा दर बाजारी भेटायचा आणि तोंडाकडे न बघता पायांकडे बघून विचारायचा, "कसं काय, बरं हाय न्हवं?" तो सोनबा परवडला, असं रखमाजीला त्या यंत्राकडे बघताना वाटलं. सोनबा निदान आत शिरून बघत नव्हता.

यंत्र गुरगुरलं आणि गप्प झालं.

"झालं. ऊठ," कंपाउंडर म्हणाला.

दोन्ही फोटो धुऊन, वाळून यायला दुपार झाली. डॉक्टरांनी ते उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. काळ्यावर दोन गुडघे पांढुरके दिसत होते. कंपाउंडर त्यांच्यावर नावाच्या चिठ्ठ्या लावायला विसरला होता आणि आता जीभ चावून उभा होता.

"चिठ्ठी हवीय कशाला?" डॉक्टर म्हणाले. ते शिकलेले होते. "आंधळ्यालासुद्धा कळेल, यातला पेशंट कोण आणि डोलीवाला कोण ते." त्यांनी डावीकडच्या फोटोवर पेन्सिल टेकली. "रावसाहेब, हे तुम्ही. या दोन हाडांच्या मध्ये फट असायला हवी. नाही. हाड हाडावर घासतंय. कडेला बाभळीसारखे काटे आलेत. असल्या गुडघ्यावर तुम्ही चालत होतात कसे?"

रावसाहेबांचा चेहरा उजळला. दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना माणसात घेतलं होतं.

"मी सांगत होतो घरी. सांगत होतो," ते म्हणाले. मग चष्मा वर करून पुढे वाकले. "आणि हा इथे, वाटीच्या वर, ठिपका कसला?"

ज्वारीच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका होता.

"काही नाही. धुताना डाग पडला असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरने मान खाली घातली. एका दिवसात एवढ्या चुका पुरे झाल्या होत्या.

दाराशी उभ्या रखमाजीचा अंगठा धोतरावरून गुडघ्याच्या वाटीवर गेला. तिथं कातडीखाली एक बारीक खडा होता, हाताला लागेल न लागेल असा. सव्वीस वर्षांपूर्वी शिकारीच्या हाक्याला, जनावर उठवायला, तो झाडीत शिरला होता आणि बाहेरगावच्या एका पाहुण्याला तो रानडुकरासारखा दिसला होता. बाकीचे छर्रे वैदूने काढले. हा एक राहिला तो राहिलाच. अंगठा त्याच्यावरून दोनदा फिरला. रखमाजी एक पाऊल पुढे आला आणि त्याने तोंड उघडलं.

"आणि हा बघ तुझा," डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणाले. "पंचविशीतल्या गड्याचा वाटावा असा गुडघा आहे. काय खातोस? अजून वीस वर्षं डोली उचलशील."

रखमाजीने तोंड मिटलं.

"नाचणी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोटार नसरापूरला पोचली तेव्हा रखमाजीचा पुतण्या चिमाजी डोली घेऊन थांबला होता. रावसाहेब बाजारात तीन दुकानांपुढे थांबून फोटो उन्हात धरून दाखवत होते. लोक हळहळत होते. कुणी ठिपक्याबद्दल विचारलं की रावसाहेब सांगत, तो कंपाउंडरचा निष्काळजीपणा.

"काका, तुमचाबी फोटू काडला म्हनं," चिमाजी डोलीच्या दोऱ्या आवळताना म्हणाला.

"व्हय."

"कसा आला?"

"पयल्या नंबराचा."

"तोंड दिसतंय का?"

"न्हाई. नुसता गुडगा."

"मंग त्यो तुमचाच कशावरनं?"

"डाक्टर म्हनला," रखमाजी म्हणाला. "तू दोरी वड."

डोली उचलली. पुढे रखमाजी, मागे चिमाजी. सपाटीला रावसाहेब आनंदात होते. घरी गेल्यावर मालिनीला फोटो आधी दाखवावा की आधी पाणी मागावं, हे ते स्वतःशी ठरवत होते. आंबवणं मागे पडलं तेव्हा रखमाजीने विसाव्याला डोली टेकवली. रावसाहेबांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि सरकारी हुकूम वाचावा तसा मोठ्याने वाचला.

"चढ-उतार टाळावा. उकिडवे बसू नये. ओझे उचलणे सर्वस्वी वर्ज्य. उशी पाठीशी घेऊन पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली गुंडाळलेले कांबळे ठेवून दिवसातून तीन वेळा पाय सरळ ताणावा, दहा आकडे मोजावे, सोडावा. गरम वाळूचा शेक."

रखमाजी उकिडवा बसून तंबाखू मळत होता. तो उठला, बाजूच्या दगडावर जाऊन बसला आणि त्याने उजवा पाय लांब केला.

"पुन्यांदा वाचा की, रावसाहेब."

"कशाला?"

"तुमी इसरलात तर कुणाच्या तरी ध्यानात पायजे."

रावसाहेब गहिवरले. त्यांनी पुन्हा सावकाश वाचलं. रखमाजीचे ओठ मागोमाग हलत होते.

"वाळू वड्याची चालंल का नदीची?"

"तसं लिहिलेलं नाही. कुठलीही चालत असेल."

"आन् मंग ह्ये भरून येतं का?"

"नाही रे. डॉक्टर म्हणाले, झिजलं ते झिजलं. आता उरलंय तेवढं जपायचं." रावसाहेबांनी कागदाची घडी घालून तो फोटोबरोबर पाकिटात ठेवला आणि पाकीट छातीशी धरलं. "चला. उन्हं कलायच्या आत चढ संपवू."

रखमाजीने तंबाखू दाढेला लावली. चिमाजी मागे उभा होता. दांडा खांद्यावर घेऊन रखमाजी नेहमी उजव्या पायावर जोर देऊन उठे. चिमाजीला मागून त्याची सवय होती. या वेळी तो डाव्या पायावर उठला. मागचा दांडा चिमाजीच्या खांद्यात रुतला. चिमाजीने काकाच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग आपलं पाऊल मुकाट्याने त्या पावलाशी जुळवून घेतलं.

चढ लागला.

"रखमाजी, डोली आज एका अंगाला कललीय का रे?" वरून आवाज आला.

"डोली न्हाई. रस्ताच कललाय," चिमाजी मागून म्हणाला.

"सावकाश घ्या मग," रावसाहेब म्हणाले. "गुडघा जपायला सांगितलाय."

"व्हय जी," रखमाजी म्हणाला. "सावकाशच चाललोय."