कप्तानाचा ब्रेक

त्या जुन्या पिकअपचा ब्रेक दाबणं हे कुणा सोम्यागोम्याचं काम नव्हतं, असं कप्तान सांगायचा. आणि सांगायचा म्हणजे कसा, तर कुणी न विचारता सांगायचा. चहाच्या दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत, एवढंच काय, कुणाच्या आजारपणात भेटायला गेला तर तिथेसुद्धा. "सव्वीस वर्षांची गाडी आहे. पॉवर ब्रेक नाही, काही नाही. नुसता पाय लागतो, पाय," असं म्हणून तो उजवी मांडी थोपटायचा, आणि अंथरुणातल्या माणसाला उगीचच आपल्या मांडीची लाज वाटायची.

कप्तान म्हणजे काही खराखुरा कप्तान नव्हे. जहाज त्याने चित्रातच पाहिलेलं. पण त्या गाडीच्या स्टिअरिंगला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे, म्हणून लोकांनी नाव ठेवलं आणि त्याला ते आवडलं. कुणी गाडी मागायला आलं की तो किल्ली पुढे करायचा आणि म्हणायचा, "ने की. फक्त आधी ब्रेक दाबून बघ." माणूस चढायचा, दाबायचा, पेडल जागचं हलायचं नाही आणि माणूस किल्ली परत देऊन चालता व्हायचा. त्या ब्रेकपुढे कुलपाची गरज नव्हती.

वहिनी त्याची बायको. सगळी वस्ती तिला वहिनीच म्हणायची. घरामागची रोपवाटिका तिची. माती ती कालवायची, कलमं ती बांधायची, गिऱ्हाइकांशी हुज्जत ती घालायची. गाडी तेवढी त्याची. लायसन्स तिच्याकडेही होतं, पण एकदाच कधीतरी तिने पिकअप फाटकाबाहेर काढली, ब्रेकवर दोन्ही पायांनी अक्षरशः उभी राहिली आणि तरीही गाडी शेजाऱ्याच्या कुंपणात जाऊन बसली. ही गोष्ट कप्तान गेली आठ वर्षं साभिनय सांगत होता. कुंपण मोडल्याचा आवाजसुद्धा तो तोंडाने काढायचा.

वहिनीने हेही हसण्यावारी नेलं असतं. पण आता प्रश्न शनिवारच्या बाजाराचा होता.

टेकडीपलीकडच्या त्या बाजारात तिला मोठ्या मुश्किलीने जागा मिळाली होती. नळाजवळची, सावलीतली, रोपांना हवी तश्शी. अट एकच होती. सकाळी सातच्या आत माल आत आला पाहिजे, आणि तीनदा उशीर झाला की जागा दुसऱ्याला. यादीत पुढचा नंबर एका प्लास्टिकची फुलं विकणाऱ्याचा होता, हे कळल्यापासून तर वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आणि कप्तानने दोन शनिवार उशीर केला होता. टेकडीवरून वीस मिनिटांचा रस्ता सोडून तो टेकडीला वळसा घालून जायचा. का, तर त्या बाजूच्या पंपावर पेट्रोल चांगलं मिळतं. वाटेत त्याच्या मित्राचं पंक्चरचं दुकान होतं, तिथे दोन मिनिटं थांबायचा. ती दोन मिनिटं मोजायला कॅलेंडर लागायचं. वहिनी शेजारी बसून दात-ओठ खायची आणि मागे रोपं माना टाकायची.

"तिसऱ्यांदा उशीर झाला ना, तर मी त्या प्लास्टिकवाल्याच्या पाया पडून त्याच्याकडे कामाला लागेन," ती नणंदेला म्हणाली.

नणंद म्हणजे कप्तानची धाकटी बहीण. घरात तिला बारकी म्हणत. वय पंचेचाळीस, वजन ब्याऐंशी, तरी बारकी. वडिलांचं गॅरेज तीच चालवत होती, कारण बॉनेटखाली काय असतं यात कप्तानला कधीच रस नव्हता. कप्तान सीटवरचा माणूस होता.

"तू चालव मग," बारकी म्हणाली.

"ब्रेक कोण दाबणार? तुझा बाप?"

"हवा दाबेल," बारकी म्हणाली आणि तिने गॅरेजमागच्या भंगारातून एक काळा पत्र्याचा डबा ओढून आणला. जेवणाच्या ताटाएवढा गोल. "हा बूस्टर. याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचा आहे, मी तपासून ठेवलाय. आत रबराचा पडदा असतो. इंजिन एका बाजूची हवा ओढून घेतं, मग दुसऱ्या बाजूची हवा पडद्याला ढकलते. तू नुसता पाय ठेवायचास."

"आणि हे तुझ्या दादाला कळलं म्हणजे?"

"दादा उद्यापासून दोन दिवस मित्राच्या गावी चाललाय. मला म्हणाला, तेवढ्यात गाडीचं ऑइल बदलून ठेव." बारकीने डोळा मारला. "ठेवते की बदलून."

रविवारी दुपारी गाडी गॅरेजात आली. गंजलेले बोल्ट बारकीने शिव्या घालत सोडवले. ब्रेकच्या तेलाचा जुना मास्टर सिलिंडर निघाला, पत्र्यातली भोकं मोठी झाली, बूस्टर बसला, त्याच्या नाकावर त्याच्याच जोडीचा सिलिंडर बसला. पेडलचा दांडा तिने खालच्या भोकात घेतला. शेवटी एक जाड काळी नळी बूस्टरपासून इंजिनापर्यंत आली. मग सोमवारी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. वहिनी सीटवर, बारकी गाडीखाली.

"दाब. धरून ठेव. सोड," खालून आवाज यायचा. "दाब. धर. अगं धर म्हटलं की धर, तू काय नवऱ्याचा हात धरतेयस का, लगेच सोडायला?"

चारही चाकं झाली तेव्हा वहिनीची पोटरी भरून आली होती आणि ती हसून हसून रडकुंडीला आली होती. बारकी बाहेर आली, हात पुसले. "आता इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाब. कडक झालं? तसाच पाय ठेव आणि किल्ली फिरव."

वहिनीने किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि पायाखालचं पेडल आपणहून हळूच खाली गेलं.

"बारके, तुटलं गं हे."

"तुटलं नाही. कामाला लागलं."

पहिल्या फेरीत वहिनीने जुन्या सवयीने सगळा जोर लावला. गाडी जागच्या जागी खिळली आणि बारकीचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं. दुसऱ्या फेरीत तिने नुसती टाच टेकून पंजा ठेवला. गाडी शहाण्यासारखी थांबली. वहिनी बराच वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. आठ वर्षं आपण ज्याला घाबरलो ते एवढंसं होतं, याचा तिला आनंद झाला आणि रागही आला.

आता लपवायचं कसं? सांगितलं असतं तर कप्तानने दुसऱ्या दिवशी सगळं उपटून टाकायला लावलं असतं. वहिनीचा बेत साधा होता. शनिवारी पहाटे सहाला आपण सीटवर जाऊन बसायचं, मग काय तो तमाशा होऊ दे. तोवर गुपचूप. बारकीने बूस्टरला जुनं ऑइल आणि धूळ फासून तो गाडीच्या वयाचा केला. आणि नळी दाखवली.

"ही इंजिनाकडून उपटायची, तिथे ही रबराची टोपी घालायची. झाला ब्रेक दगड. जुन्याहून थोडा जास्तच, दांडा खाली घेतल्याने पेडलची तरफ कमी झालीय ना. गाडी थांबेल, पण पाय चांगलाच भरून येईल."

"येऊ दे की. एवढं मांडी थोपटत फिरतात."

मंगळवारी कप्तान आला, गाडीत बसला, ब्रेक दाबला आणि त्याच्या तोंडून नेहमीचा हुंकार निघाला. "हंऽऽ." हा हुंकार म्हणजे त्याच्या ब्रेकचाच एक भाग होता. पण आज तो जरा लांबला. वहिनीने कलमावरून मान वर केली नाही. रोज दुपारी कप्तान जेवून आडवा झाला की ती नळी लावायची, मागच्या रस्त्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची, नळी काढायची, टोपी घालायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कुंड्या भरायला बसायची. आपण एवढ्या लबाड आहोत हे तिला या वयात कळत होतं, आणि खोटं कशाला बोलू, तिला ते भारी आवडत होतं.

गुरुवारी सकाळी मात्र गडबड झाली. खताची पोती आणायला दोघं निघाले होते. चौकात कप्तानने ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि मग, सावकाश, हुंकार आला. "हंऽऽ."

वहिनीने तिरक्या नजरेने पाहिलं. पुढच्या चौकात पुन्हा तेच. आधी गाडी, मग हुंकार. तिसऱ्या चौकात तर तो हुंकार द्यायलाच विसरला, आणि गाडी पुढे निघाल्यावर त्याला आठवला.

म्हणजे नळी लावलेली होती. पण नळी तर काल आपण स्वतःच्या हाताने काढली होती. घरी पोचल्यावर तिने पोती मागे नेऊन रचली, आणि तो आत गेला तशी ती बॉनेटकडे धावली. नळी निघालेली, टोपी जागेवर. फक्त तिची टोपी नेहमी पूर्ण दाबलेली असे आणि ही अर्धवट बसली होती.

शुक्रवारी सकाळी ती पाणी घालायचं सोडून गाडीजवळच्या हिरव्या जाळीआड उभी राहिली. थोड्याच वेळात कप्तान आला. इकडे-तिकडे पाहिलं, बॉनेट उचललं, टोपी काढून खिशात घातली आणि सराईतासारखी नळी चढवली.

"मला वाटलं, तुम्हाला बॉनेट उघडता येत नाही," वहिनी म्हणाली.

कप्तान दचकला आणि त्याचं डोकं बॉनेटला आपटलं. मग त्याने उसनं अवसान आणलं. "अगं, ही नळी... ढिली झाली होती."

"हो का. आणि टोपी बाहेर गारठली असती म्हणून खिशात ठेवलीत?"

"बारकीने सांगितलं मला," तो शेवटी म्हणाला. "बुधवारी गेलो होतो तिच्याकडे. म्हटलं, ब्रेक अचानक लोखंड झालाय, काय केलंस? तर तिने दाखवलं. म्हणाली, चालवताना लाव, ठेवताना काढ, आणि वहिनीला कळू देऊ नकोस."

दोन्हीकडून हात धुऊन घेणाऱ्या नणंदेला वहिनीने मनातल्या मनात तीन शिव्या घातल्या. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस चिडलेला नाही. बूस्टर उपट म्हणत नाही. एवढी वर्षं ज्या ब्रेकवर भाव खाल्ला तो ब्रेक गेला, तरी हा गडी चोरून नळी लावत फिरतोय.

"तुम्ही का लावता?" तिने विचारलं.

कप्तानने बॉनेटच्या कडेवर दोन्ही हात टेकले. "गुडघा," तो म्हणाला. "वर्ष झालं. जोर लावला की आतून कळ येते आणि पाय निसटतो. टेकडीच्या उताराला एकदा निसटला होता. तू शेजारी होतीस. तुला कळलंसुद्धा नाही, मी हँडब्रेक ओढला."

"म्हणून तो वळसा?"

"मग काय. पेट्रोल काय, सगळीकडे सारखंच. आणि पंक्चरवाल्याकडे थांबायचो ते पाय मोकळा करायला. भीती वाटायची गं मला. तुझा बाजार जातोय हे दिसत होतं, रात्री झोप लागत नव्हती. पण सांगू कुणाला? सगळ्या गावाला मांडी दाखवून झाली होती."

वहिनीला वाटलं, आता आपण छान काहीतरी टोचून बोलावं. बोलणं जिभेवर तयारही होतं. पण तिला आठवला मंगळवारचा तो लांबलेला हुंकार. दोन दिवस, बुधवारपर्यंत, हा माणूस त्या दुखऱ्या गुडघ्याने दगड दाबत होता, आणि दगड तिने केला होता.

"मी नळी काढून ठेवत होते," ती म्हणाली. "मुद्दाम. मला वाईट वाटतंय."

"वाटू दे थोडं," कप्तान म्हणाला. "फार दुखलं." आणि टोपी त्याने खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली.

शनिवारी सहाला वहिनी सीटवर बसली. कप्तान सवयीने त्याच दाराशी गेला, थांबला, आणि लंगडत पलीकडून चढला. सव्वीस वर्षांत त्या बाजूला तो पहिल्यांदाच बसत होता. तिथली काच खाली कशी होते हेही त्याला ठाऊक नव्हतं.

वहिनीने गाडी टेकडीच्या रस्त्याला घातली. चढ गेला. उतार लागला तसा कप्तानचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर ब्रेक दाबू लागला. निम्म्या उतारावर पुढचा विटांचा ट्रक काही कारण नसताना थांबला. कप्तानने डोळे मिटले. वहिनीने पंजा ठेवला. मागच्या कुंड्या एकमेकींना लागल्यासुद्धा नाहीत.

"झालं?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"केव्हाच," ती म्हणाली.

बाजाराच्या फाटकावर पोचले तेव्हा साडेसहा वाजत होते. फाटकावरचा माणूस वही घेऊन आला, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग सवयीने कप्तानच्या दिशेने वळला आणि बोलत बोलत लिहू लागला. "गाडी तीच. माल रोपं. चालक आपले कप्तान."

"खोडा ते," कप्तान म्हणाला. "चालक ही."

माणसाने पेन थांबवलं. "ही? तो ब्रेक ही दाबते? आणि मग तुम्ही कोण?"

कप्तानचा हात मांडीवर गेला होता. थोपटायच्या आतच तो गुडघ्यावर उतरला आणि तिथेच राहिला.

"मी हिच्याबरोबर आलोय," तो म्हणाला.