खाली उतरल्याची रिंग

माझं तोंड फटकळ आहे. मोबाइल दुरुस्तीवाली बाई कुठे बसते असं आमच्या गल्लीत विचारलंत, तर लोक आधी हसतात आणि मग दुकान दाखवतात. राग लहानपणापासून नाकावरच. दादाने मला नावाने कधी हाक मारली नाही, 'मिरचे' म्हणायचा.

दादा टॉवरवर चढायचा. मोबाइलचे टॉवर, साठ-सत्तर मीटर उंच, वीस वर्षं त्याने तेच केलं. आईवडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. त्याने लग्न केलं नाही, मी केलं ते टिकलं नाही. तो आज एका गावी, उद्या दुसऱ्या. पण रोज संध्याकाळी साडेसहाच्या आत माझ्या फोनवर त्याची रिंग यायची. एकच वाजली की कट. मी उचलायची नाही. हात मोकळे हवेत म्हणून तो वर जाताना फोन नेत नसे, खाली डब्याच्या पिशवीत ठेवायचा. म्हणजे रिंग आली की समजायचं, गडी सुखरूप उतरला, पिशवीपर्यंत पोचला. "तुझ्याशी बोलायला बसलं की तास मोडतो, मिरचे. त्यापेक्षा रिंग बरी," असं त्याचं म्हणणं.

रिंग आली नाही तर मी गप्प बसणार नाही, हेही दोघांना पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी एकदा पावणेसात वाजले तरी फोन गप्प. मी त्याला लावला, उचलला नाही. मग त्याच्या मुकादमाला लावला आणि असा फैलावर घेतला की तो जेवणाच्या ताटावरून उठून गाडी घेऊन गेला. दादा चाळीस मीटरवर, पायात गोळे येऊन, पट्ट्याला लोंबकळत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, "मला कसली भीती? रिंग गेली नाही म्हणजे तू सगळ्यांना कामाला लावणार. मी आपला वाट बघत बसलो."

मग ते नवे फोन आले, थेट उपग्रहाशी बोलणारे. रानात जा, डोंगरावर जा, इंटरनेट चालू. मी दुकानावर पाटी लावली, 'आता टॉवरची गरज नाही'. अक्षरं लाल, हातभर मोठी. दादा सुट्टीवर आला आणि पाटीखाली उभा राहून हसला. "काय गं, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय?"

तो चेष्टा करत होता. मला तेवढं कळायला हवं होतं. पण सकाळपासून दोन गिऱ्हाइकांशी भांडून माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, "पाय कसला? तुझे ते लोखंडी सांगाडे भंगारात जाणार आहेत, आणि तूही त्यांच्याबरोबर जाशील."

तो चहा अर्धा ठेवून उठला. माझं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं, आणि मला दिसत असूनही मी त्याला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर परतला आणि त्याच दिवशी मी स्वतः नवा फोन घेतला. त्यात एक सोय होती, नको ते कॉल फोन आपणच बाजूला ठेवतो, वाजतसुद्धा नाही. गिऱ्हाइकांना देण्याआधी मी ती माझ्या फोनवर चालू केली. माझी दुकानदारी अशीच, आधी स्वतः वापरायचं, मग दुसऱ्याला सांगायचं.

त्या संध्याकाळी रिंग आली नाही. सात वाजता मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "कधीच उतरला की." दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, स्वारी रुसलीय. मुकादमाला बजावलं, मी विचारलं म्हणून त्याला सांगू नका. रुसायचं असेल तर रुस, मीही तुझीच बहीण आहे. तिसऱ्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. संध्याकाळी साडेसहा वाजले की नजर फोनकडे जायची, पण मी फोन लावला नाही.

अठ्ठावीस दिवस असेच गेले. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन आला.

दादाला टॉवर उतरवायच्या कामावर घातलं होतं. पूर्वी दोघं जात, आता माणसं कमी केली म्हणून एकटाच. आदल्या संध्याकाळी उतरताना, अगदी शेवटच्या पायऱ्यांवरून, तो पडला. उंची फार नव्हती, पण खुबा मोडला आणि आत रक्तस्राव झाला. सकाळी कामावर आलेल्या रखवालदाराने पाहिलं, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "रात्री दहापर्यंत जरी आणलं असतं तरी वाचले असते." त्यांच्यापुढे कागद होता, तो भरता भरता म्हणाले.

मी रडले ते एवढ्यासाठीच की माझा भाऊ माझ्यावर रुसून गेला.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक समोरचे शिंपीकाका. फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "लेक कामावरून घरी पोचली की रोज एक रिंग देते. तुझा हा फोन घेतल्यापासून वाजत नाही. ती म्हणते, बाबा, मी देतेय. मी तिला उगाच बोललो."

"विसरत असेल हो," म्हणत मी फोन उघडला. त्यात एक यादी होती, बाजूला ठेवलेल्या कॉलची. लेकीचं नाव रोज एकदा. खाली कारण लिहिलेलं होतं, एका रिंगेत तुटणारे कॉल फसवणुकीचे असतात, ओळखीच्या नावानेही येतात, म्हणून वाजवले नाहीत.

मी माझा फोन काढला. तीच यादी.

दादा, सहा बारा. दादा, सहा वीस. दादा, सहा पाच. पहिल्या दिवशी दोनदा, दुसरी रिंग पावणेसातची. सत्तावीस दिवसांत एक दिवस चुकवला नव्हता त्याने. पडला त्या दिवशीची रिंग तेवढी नव्हती.

"काय झालं गं?" काका विचारत होते. मी त्यांच्या फोनवरची ती सोय बंद केली आणि लेकीला एक रिंग द्यायला सांगा म्हटलं. फोन वाजला. काका खूश होऊन गेले.

तो रुसलाच नव्हता. त्याच्या लेखी मला सगळं रोज कळत होतं. पिशवी त्याच्यापासून पंधरा पावलांवर होती असं रखवालदार सांगतो. साडेसहा वाजून गेले, रिंग गेली नाही, म्हणजे मिरची आता सगळ्यांना कामाला लावणार, असंच त्याच्या मनात आलं असणार. ओरडलासुद्धा नसेल. माझी वाट बघत, त्या पिशवीकडे कान लावून पडून राहिला असेल माझा दादा.

त्याचा फोन आता माझ्याकडे आहे. त्या रात्री त्यावर एकही कॉल आलेला नाही.