मिस यूलालींचा रंग

इस्पितळाच्या समितीचे मिस्टर प्रेलो आमच्या बाईंनी काढलेल्या, गावच्या सुईण मिस यूलालींच्या चित्रासमोर बराच वेळ घुटमळले आणि मग म्हणाले, सगळं छान उतरलंय, फक्त चेहरा थोडा उजळ करता आला तर बरं. इस्पितळाचा व्हरांडा अंधारा, तिथं चेहरा उठून दिसणार नाही असं समितीचं मत पडलं होतं. प्रेलो स्वतः आमच्यातलेच, काळे. बोलताना ते जमिनीकडे बघत होते.

चर्चच्या तळघरात आमचा शनिवारचा चित्रकलेचा वर्ग चालू होता. आरशात बघून आपापले चेहरे कागदावर रंगवणारे आम्ही नऊजण हात थांबवून ऐकत होतो.

आमच्या बाई, मिस व्हर्नेटा, शांतपणे हात पुसत म्हणाल्या, "मिस यूलालींनी या गावातली निम्मी बाळंतपणं कंदिलाच्या उजेडात केली. तेव्हा त्या कुणाला दिसल्या नाहीत असं काही झालं नाही. व्हरांड्यात दिवा लावा."

प्रेलो गेल्यावर मी विचारलं, "मिस, आता ते चित्र घेणार नाहीत ना?"

"नाही घेणार बहुतेक," त्या म्हणाल्या. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि जुनी गोष्ट सांगू लागल्या. विशीत असताना त्यांनी आपल्या आईचं चित्र काढलं होतं. आईला बरं वाटावं म्हणून रंग दोन छटा उजळ लावला. आईने ते बैठकीच्या खोलीत टांगलं, रोज त्यावरची धूळ पुसली. पण आल्यागेल्याला ती एवढंच सांगायची, की हे माझ्या मुलीनं काढलंय. हे माझं चित्र आहे, असं ती मरेपर्यंत कधी म्हणाली नाही.

माझ्या कागदावरची मुलगी दूध ओतलेल्या कॉफीच्या रंगाची होती. मिस व्हर्नेटांनी तो कागद पाहिला. त्यांनी तपकिरी, निळा आणि जरासा तांबडा रंग माझ्यापुढे काढून ठेवला. "काळ्या रंगाच्या ट्यूबला हात लावू नकोस, तो रंग मेलेला असतो. आपल्या कातडीत काय काय आहे ते आरशात बघ." तेरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या गालावरचं निळं पाहिलं.

दोन महिन्यांनी समितीचं पत्र आलं. व्हरांड्यात चित्राऐवजी मिस यूलालींचा फोटो लावायचं ठरलं होतं. मिस व्हर्नेटांनी पत्र घडी करून खिशात टाकलं आणि त्या पुढचा धडा शिकवू लागल्या.

त्या हिवाळ्यात मिस यूलाली गेल्या. घरच्यांनी चित्र मागून नेलं आणि चर्चमध्ये शवपेटीशेजारी ठेवलं. चेहरा सजवताना अंत्यसंस्कारवाल्यांचा पावडरीचा हात जरा सढळ पडला होता. पेटीतला चेहरा राखेसारखा, परका दिसत होता. मिस यूलालींच्या हातावर जन्मलेली माणसं रांगेनं येत होती, पेटीपाशी रीतीपुरती मान लववत होती. मग दोन पावलं सरकून चित्रासमोर उभी राहत होती, आणि तिथं त्यांचा निरोप घेत होती.