चाळिसावा खिळा

मी काठी बोलतेय. त्या संध्याकाळी बोलता आलं असतं, तर एक माणूस वाचलं असतं. आता उशीर झालाय, तरी ऐका.

मी बांबूची. डोंगराच्या पायथ्याशी, वर जाणाऱ्या वाटेच्या फाटकाला लागून एक पत्र्याची टपरी आहे. तिथल्या काठीवाल्यानं मला तासलं, जाळावर धरून सरळ केलं, टोकाला लोखंडी टोपी बसवली. आम्ही चाळीस जणी. भिंतीवर चाळीस खिळे, शेवटचा माझा. मोठं शहर इथून दीड तासावर. सुट्टीला तिथली माणसं बस भरभरून येतात आणि भाड्यानं काठी घेऊन धबधब्यापर्यंत चढतात. चढताना आम्ही त्यांना ओझं वाटतो. उतरताना पाय लटपटायला लागले की आमची किंमत कळते.

काठीवाल्याचा एक नेम होता. अंधारायच्या आत चाळीस खिळे भरले, तरच फाटकाला कडी. एक जरी रिकामा राहिला तरी तो कंदील घेऊन वर निघायचा.

"काठी वर म्हणजे माणूस वर," म्हणायचा.

बायको चेष्टा करायची, "काठ्या मोजता तशी घरची माणसं मोजा की कधी! मी आठ दिवस माहेरी होते, पत्ता तरी लागला का?"

"लागला तर. चहा बेचव झाला होता."

दर सुट्टीला एक शिंपीणबाई एकट्याच यायच्या. आठवडाभर मशीनवर वाकलेली पाठ इथं आल्यावर सरळ होते, म्हणायच्या. त्यांना मीच लागायची. ओळखू यावी म्हणून त्यांनी माझ्या मुठीखाली तांबडी चिंधी बारीक टाक्यांनी शिवली होती. चालताना त्यांचा अंगठा नेहमी माझ्या वरच्या पेरावर असायचा. हात उबदार, बोटांची टोकं सुईनं खरखरीत झालेली.

"भाऊ, माझी म्हातारी द्या."

"ही घ्या. दुसऱ्या कुणाला दिली तर रुसते ती."

"आणि त्या शेवटच्या वळणाखालचे दगड हलतात हो. पाय गेला एखाद्याचा, म्हणजे?"

"बसवतो, बाई, बसवतो."

त्याच्या हातून ते राहून गेलं. कामं अशीच राहतात.

त्या दिवशी धुकं दुपारीच उतरलं. धबधब्यावरच्या खडकाला मला टेकवून बाई पाणी प्यायला दोन्ही हातांनी खडक धरत धरत खाली गेल्या. एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग नुसता पाण्याचा आवाज. मी वाट बघत उभी राहिले.

थोड्या वेळानं एक नवरा-बायको आले.

"अय्या, कुणाची तरी काठी राहिली वाटतं."

"घे बरोबर. म्हाताऱ्याला कशाला उगाच चढायला लावायचं?"

मनाची चांगली होती दोघंही. तेच मला जास्त लागतं. उतरताना मी दोनदा दगडांच्या फटीत अडकले. तो हसून म्हणाला, "हट्टी दिसतेय!" आणि त्यानं मला उपटून घेतलं.

खाली काठीवाल्यानं खिळे मोजले. माझ्यापाशी येऊन थांबला. चिंधीवरून बोट फिरवलं.

"बाई आज न बोलताच गेल्या?"

"बसची घाई असेल," बायको म्हणाली. "चला, गारठा वाढलाय."

चाळीस खिळे भरलेले होते. त्यानं कडी लावली. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

तिसऱ्या दिवशी बाईंची शेजारीण विचारत आली. काठीवाल्यानं कंदील उचलला. आठ दिवस डोंगर धुंडाळला. खडकाखाली एक चप्पल सापडली, बाकी काही नाही.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी मला वर नेतो, त्याच खडकाला टेकवतो आणि एकटाच खाली येतो. "बाईंना उतरायला लागेल," म्हणतो. मी वर, म्हणून चाळिसावा खिळा रिकामा. खिळा रिकामा, म्हणून फाटक उघडं. तो स्टूल घेऊन तिथंच बसतो. बायकोनं चेष्टा सोडून दिली. त्याच्या अंगावर शाल टाकते.

त्याला जे माहीत नाही, ते तुम्हाला सांगते. उजाडताना धुक्यातून कुणीतरी मला उचलतं. अंगठा वरच्या पेरावर. बोटांची टोकं खरखरीत. हात तोच, फक्त ऊब नाही. पायाखाली पान वाजत नाही, माझं टोक तेवढं वाजतं. पाखरं गप्प होतात. शेवटच्या वळणावर खालचे दगड दिसले की तो हात मला कठड्याला टेकवतो आणि माघारी जातो.

मला ठेवलं खडकाला आणि मी सापडते वळणावर, हे काठीवाल्यानं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्यानं पहार आणली. गुडघे धरून, कण्हत, एकेक दगड उचकटून पक्का बसवू लागला. महिना गेला. शेवटच्या दगडावर उभा राहून त्यानं दोन्ही पायांनी दाबून पाहिलं आणि वर बघून म्हणाला, "बसवले हो, बाई."

काल पहाटे त्या वळणावर हात थांबला. मग एक पाय खाली आला. दगड हलला नाही. आम्ही उतरलो. फाटक उघडं, काठीवाला स्टुलावर पेंगलेला. बाई त्याच्यासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. मग मला माझ्या खिळ्याला अडकवून बसच्या रस्त्यानं निघून गेल्या. पाखरं पुन्हा बोलू लागली.

तो जागा झाला. भरलेला खिळा बघून ताडकन उठला.

"अगं, ही तू आणलीस?"

"मी कशाला पहाटे वर जाऊ?"

"मग कुणी आणली? बाईंनी आणली, का पुन्हा दुसऱ्याच कुणी?"

भरलेल्या खिळ्यानं त्याला एकदा फसवलंय. संध्याकाळी त्यानं मला पुन्हा वर आणून टेकवलं.

आज पहाटे मला कुणी उचललं नाही. उद्याही उचलणार नाही. तो मात्र खाली थंडीत बसून राहील.

तुम्ही सुट्टीला इकडं आलात तर खडकाशी तांबड्या चिंधीची काठी दिसेल. ती मी. मला खाली नेऊ नका. फक्त फाटकाशी बसलेल्या म्हाताऱ्याला एवढं सांगा: बाई उतरल्या, स्वतःच्या पायांनी उतरल्या. आता कडी लाव, बाबा, आणि घरी जा.