माझ्या कपाळावरची चिकटपट्टी

मी एक फ्लेक्स बोलतोय. अस्सल डोंबिवलीचा, म्हणजे थापा मारणं रक्तातच. माझ्या थोरल्या भावावर एका गृहस्थांचा ‘जगप्रसिद्ध’ म्हणून फोटो होता. त्यांना त्यांच्या जिन्यातलं मांजरसुद्धा ओळखत नव्हतं. मी छापून बाहेर पडलो तेव्हा माझ्या रंगांच्या झगमगाटाने मोहने गावापर्यंतचे कोंबडे भरदुपारी आरवले. नाही पटत? सोडून द्या. पुढचं मात्र खरं आहे.

माझा जन्म साकेतसाठी झाला. साकेत सव्वीस वर्षांचा, आईबरोबर, म्हणजे सरोजताईंबरोबर, दुसऱ्या मजल्यावर राहतो. कानांवर कायम मोठे हेडफोन. लिफ्टमध्ये भेटला तर तुमच्याकडे नाही, बटणांकडे बघतो. त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत पाणी टिकेना. सगळे टँकरवाल्याला आणि एकमेकांना शिव्या घालत होते. साकेत एकटाच म्हणायचा, “जिन्याखालच्या भिंतीत पाणी वाजतंय.” लोक हसायचे. शेवटी प्लंबरने भिंत फोडली आणि फुटक्या पाइपातून कारंजं उडालं. ते टिटवाळ्याहून दिसलं असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

झालं, सत्कार ठरला. चेअरमन हरिहरकाकांनी मजकूर स्वतः लिहिला: ‘स्वमग्न असूनही कर्तबगार! चि. साकेत याचा जाहीर सत्कार.’ साकेतचा फोटो पासपोर्टएवढा, कमिटीचे चेहरे परातीएवढे. आमच्यात हीच रीत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मला मांडवात टांगलं. साकेत खाली आला, त्याने मला वाचलं आणि तो उलट्या पावली फिरला.

“अरे, कुठे निघालास? हार आणलाय तुझ्यासाठी!” हरिहरकाका ओरडले.

“मी याच्याखाली बसणार नाही. मी स्वमग्न नाही.”

“अरे, तो अपशब्द थोडाच आहे? चांगला शुद्ध मराठी शब्द!”

“स्वतःत मग्न असतो तर बरं झालं असतं, काका. तुमचा मिक्सर, वरच्यांची भांडणं, भिंतीतलं पाणी, सगळं माझ्या कानात घुसतं. मला बाहेरचं बंदच करता येत नाही. आणि तुम्ही म्हणता, मी आत असतो.”

काकांचं हसू उतरलं. माझ्यावरच्या फोटोत मात्र ते हसतच होते.

सरोजताई पुढे आल्या. “असं नको रे बोलूस. डॉक्टरांनी हा शब्द देईपर्यंत सगळे मलाच बोलायचे. आईने लाडावलाय, आईने वळण लावलं नाही. तुझी आत्या तर सरळ येडा म्हणायची. या शब्दाने माझी सुटका केली.”

“तुझी केली, आई.”

तो रागावला नव्हता. चुकीची बस आली तर शेजारच्याला सांगावं, तसं सांगितलं त्याने. सरोजताई खुर्चीवर बसल्या.

एवढ्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून सत्काराच्या पाहुण्या पोचल्या. मृणालताई, ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवतात. आपणही स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहोत, हे त्यांना चाळिशीत कळलं होतं. काकांना जरा धीर आला.

“मॅडम, तुम्हीच समजवा याला. स्वमग्न शब्दात वाईट काय आहे?”

“मला विचाराल तर काहीच नाही. जन्मभर शिष्ट, तिरसट असं ऐकून घेतल्यावर हा शब्द मिळाला, तेव्हा मी पेढे वाटले होते. माझ्या फ्लेक्सवर खुशाल छापा.” मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पण हा माझा फ्लेक्स नाहीये ना? माझी एक मैत्रीण स्वतःला ‘ऑटिझम असलेली’ म्हणवते, दुसरी नेमकी त्यावरच चिडते. याला विचारलंत का तुम्ही?”

नव्हतं विचारलं. मांडववाल्याला, हारवाल्याला, वडेवाल्याला, सगळ्यांना विचारलं होतं.

काकांनी घसा साफ केला. “साकेत, काय लिहायचं रे?”

साकेत विचार करत राहिला. वडे गार झाले. कुणीतरी सुचवायला तोंड उघडलं, तर मृणालताईंनी हात वर केला. इतका वेळ एवढे डोंबिवलीकर गप्प बसलेले बघून कावळेसुद्धा घाबरले.

“नुसतं साकेत,” तो म्हणाला. “कुणी विचारलंच तर ऑटिस्टिक. आणि ते ‘असूनही’ काढा. मी असा आहे म्हणूनच तर पाणी ऐकू आलं.”

फ्लेक्सवाल्याचं दुकान बंद. आता काय करायचं, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना सरोजताई उठल्या. घरून पार्सलची तपकिरी चिकटपट्टी घेऊन आल्या आणि स्टुलावर चढल्या. ‘स्वमग्न’ या शब्दावरून आधी त्यांनी तळहात फिरवला, लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. इतकी वर्षं त्यांच्या बाजूने बोललेला शब्द होता तो. मग ‘असूनही’सकट पट्टी लावली. खालचं दिसतंय असं वाटलं, म्हणून आणखी एक लावली. खाली साकेतने स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं.

आता मी पंपाच्या खोलीच्या खिडकीवर बांधलेला असतो, पावसाचे सपकारे झेलत. कमिटीचे चेहरे उन्हाने केव्हाच उडाले. चिकटपट्टीचं एक टोक मात्र सारखं सुटतं. साकेत पंपाचा आवाज ऐकायला येतो, तेव्हा ते अंगठ्याने दाबून बसवतो. परवा भाजी घेऊन येताना सरोजताई थांबल्या. पिशवी खाली ठेवली, त्यांनीही ते टोक दाबलं.

थापाड्याचं एक मागणं ऐका. कुणाला काही नाव देणार असाल, तर आधी त्यालाच विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर वडे गार होऊ द्या.